पोम्पेईच्या राखेतली हस्तिदंताची बाई

हे बघा. उंची साधारण 24 सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर एखादं बोट. हस्तिदंताची मूर्ती आहे. हातभर बांगड्या, पोटऱ्या भरून वाळे, कमरेला पट्टा, गळ्यात माळा, पाठीवर वेण्या, आणि अंगावर कपडा जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी उभ्या आहेत, बाईच्या शृंगाराचं सामान हातात धरून. सांचीच्या तोरणावर किंवा आपल्या एखाद्या लेण्यात अशी बाई दिसली तर आपण बघून पुढे जाऊ, इतकी ती ओळखीची वाटते.

पण ही सापडली इटलीत, पोम्पेईमध्ये. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि त्या राखेखाली अख्खं शहर गाडलं गेलं, त्याच शहरातल्या एका घरात. 1938 साली अमेडेओ मायुरी तिथे उत्खनन करत होते, त्यांना ही मिळाली, आणि त्यांनी तिला लक्ष्मी म्हटलं. तेच नाव चिकटलं, आजही जगभर 'पोम्पेईची लक्ष्मी' म्हणूनच ओळखतात. आता लक्ष्मी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, कमळ, पाणी घालणारे हत्ती, यातलं इथे काहीच नाही. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी किंवा नुसतीच एक नटणारी बाई मानतात आणि मलाही तेच पटतं, कारण तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे. देवीच्या डोक्यात कोण भोक पाडेल? कशात तरी बसवायचा हा भाग होता, आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या छोट्या टेबलाचा पाय असेल.

मग इथवर आली कशी?

त्याच पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने एक पुस्तक लिहून ठेवलंय, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. त्याने स्वतःचं नाव कुठेच दिलेलं नाही. पण काय लिहितो बघा, बारिगाझा म्हणजे भरुचपासून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं, संत गोरोबाकाकांचं तेर! पैठणहून ओनिक्सचे दगड येतात, तेरहून साधं कापड आणि मलमल येते, आणि हा सगळा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भरुचला नेतात, असं तो सांगतो. मला हे वाक्य फार आवडतं, कारण त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत, गाड्या आहेत.

खरं तर कल्याण बंदर जवळ होतं. पण तिथे अडचण होती आणि तीही त्याने लिहिलीय, आधी कल्याणला रीतसर व्यापार चालायचा, मग सत्ता बदलली आणि आता ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं तर पहारा लावून भरुचला पाठवतात. भरुचकडचे शक क्षत्रप आणि दख्खनचे सातवाहन या राजघराण्यांतली ओढाताण ती हीच.

भरुचहून काय काय बाहेर जायचं त्या यादीत हस्तिदंत आहे. पुढचा प्रवास सगळा वाऱ्यावर. जहाजं इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघायची, नैऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन भर समुद्रातून इकडे यायची आणि डिसेंबर-जानेवारीत वारा उलटा फिरला की परत. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात माल उतरला की वाळवंटातून 12 दिवस उंटांवर, तेही उन्हामुळे जास्त करून रात्री चालत, मग नाईल नदी, मग अलेक्झांड्रिया. वाटेत रोमन सरकारची जकात 25 टक्के. आणि शेवटी इटलीतलं पुतेओली बंदर, तिथून पोम्पेई जवळच.

या व्यापाराचा एका माणसाला फार राग होता. थोरला प्लिनी. रोमन आरमाराचा अधिकारी, आणि वाचायचं लिहायचं वेड असलेला माणूस. तो लिहितो की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो आणि तिकडून आलेला माल आपल्याकडे शंभरपट किमतीला विकला जातो. रोमच्या साध्या सैनिकाचा तेव्हाचा पगार वर्षाला 900 सेस्टर्स, म्हणजे तुम्हीच हिशोब करा, 55 हजार सैनिकांचा वर्षाचा पगार झाला हा. 5 कोटी हा आकडा कितपत खरा यावर इतिहासकार वाद घालतात, पण रोममध्ये ही ओरड होती हे नक्की.

व्हेसुव्हियस फुटला तेव्हा प्लिनी खाडीच्या पलीकडे मिसेनुमला होता. धुराचा ढग बघून तो जहाजं घेऊन लोकांना वाचवायला निघाला आणि स्टॅबियाच्या किनाऱ्यावर मेला. त्याचा 17 वर्षांचा भाचा मागे थांबला होता, त्याच्याच पत्रांमुळे आपल्याला हे कळतं. भारताकडे जाणारे पैसे मोजणारा हा माणूस आणि भारतातून आलेली ही बाई, दोघांना एकाच डोंगराने गाठलं, मध्ये अंतर जेमतेम काही किलोमीटरचं.

आता परत इकडे येऊया. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी म्युझियम आहे, तिथे हस्तिदंताचीच अशी एक बाई आहे, पोम्पेईच्या बाईहून लहान, पण तसलीच नटलेली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही एक मिळाली, वरचा भाग तुटून गेलेला, पण दोन बाजूंच्या दोन दासी तशाच. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या लोकांनी सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान दिल्याचे लेख आहेत. त्यामुळे पोम्पेईची बाई मराठवाड्यातलीच असं आपल्याकडे छातीठोक सांगतात, पण जरा थांबायला हवं, कारण तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधाराकडची लिपी. काहींच्या मते ती तिकडेच घडली, काहींच्या मते ते अक्षर म्हणजे नुसती जोडणी करणाऱ्याची खूण. दख्खनमध्ये घडली असं मानायला मला भोकरदनच्या त्या दोन दासी पुरेशा वाटतात, पण ते माझं मत.

आज ती नेपल्सच्या म्युझियममध्ये 'गुप्त दालनात' आहे, पोम्पेईतल्या शृंगारिक वस्तूंसोबत. अंगावर कपडा नाही एवढ्यावरून. मला हे खरंच खटकतं. आपल्या शिल्पात अशी बाई समृद्धीची, शुभ मानलेली, ती दारावर असते, तोरणावर असते.

आणि ज्यांनी हे काम केलं ते? पोम्पेईच्या बाईवर कारागिराचं नाव नाही, तेरच्या नाही, भोकरदनच्या नाही. फक्त सांचीच्या दक्षिण तोरणावर त्या काळच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंत कोरणाऱ्यांनी, एक ओळ कोरून ठेवलीय. त्यांनी दगडात हस्तिदंतासारखं बारीक काम केलं आणि खाली ब्राह्मीत लिहिलं, 'वेदिसकेहि दंतकारेहि रूपकंमं कतं'. विदिशाच्या दंतकारांनी हे कोरीवकाम केलं.