पोस्टमनला दारं माहीत असतात

(दृश्य : रात्र. मोटारीच्या दिव्यांत रिकामा रस्ता.)

डिकीत पेट्रोलचा जादा डबा. मागच्या सीटवर दोन दिवस पुरेल एवढं जेवण, पांघरुणं आणि एक बादली, कारण वाटेतल्या पंपावर संडास वापरू देतील याचा भरवसा नाही. पुढे हाताशी ड्रायव्हरची टोपी. गाडी स्वतःचीच आहे, पण कुणी अडवलं तर "साहेबांची गाडी पोचवायला चाललोय" असं सांगताना ती टोपी डोक्यावर लागते.

१९३०च्या दशकातल्या अमेरिकेत काळ्या कुटुंबाने लांबच्या प्रवासाला निघायचं म्हणजे अशी तयारी करावी लागे. काही गावांच्या वेशीवर पाट्याच असत : सूर्य मावळायच्या आत काळ्यांनी गाव सोडावं. पाटी नसलेल्या गावात हॉटेलवाला म्हणे, "जागा नाही." जागा असायची.

१९३६ साली अशा प्रवाशांसाठी एक पातळसं हिरवं पुस्तक निघालं : 'ग्रीन बुक'. ते काढलं एका पोस्टमनने.

(दृश्य : जुनी टपालपेटी. चामडी पिशवी.)

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन. हो, त्या फ्रेंच कादंबरीकाराचंच नाव. जन्म ९ नोव्हेंबर १८९२, मॅनहॅटन. वाढले हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये आणि तिथेच १९१३ साली टपाल खात्यात चिकटले. वेळ साधली म्हणायची. पुढच्याच वर्षापासून सरकारी नोकरीच्या अर्जाला फोटो लावणं सक्तीचं झालं. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा काळ होता तो. फोटोतून साहेबाला काय बघायचं होतं, ते वेगळं सांगायला नको.

मग युद्ध आलं. आल्मा ड्यूक यांच्याशी लग्न झालेलं, संसार नवा, आणि १९१८ साली ग्रीन लष्करात दाखल होऊन फ्रान्सला गेले. त्या युद्धात साडेतीन लाखांहून जास्त काळे अमेरिकन सैन्यात होते. त्यातल्या बहुतेकांना बंदुकीऐवजी फावडं नाहीतर जहाजावरची पोती उचलायला मिळाली. जगात लोकशाही सुरक्षित करायला निघालेलं सैन्य होतं ते, आणि त्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या.

परतल्यावर काय? १९१९च्या उन्हाळ्यात शिकागोत, वॉशिंग्टनमध्ये काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले. दक्षिणेत तर लढाईवरून आलेल्या जवानांनाही जमावाने मारलं. ग्रीन यांनी लष्कराचा गणवेश उतरवला आणि टपाल खात्याचा पुन्हा चढवला. घर न्यू यॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, हार्लेममध्ये, नोकरी नदीपलीकडे न्यू जर्सीत. रोज जायचं, रोज यायचं. टपालाची ही नोकरी एकूण जवळपास चाळीस वर्षं चालली.

(दृश्य : एकामागून एक बंद दारं. टपालाच्या फटीतून आत पडणारं पत्र.)

आता जरा थांबूया. कारण खरी गोष्ट या कंटाळवाण्या चाळीस वर्षांतच आहे.

कुठल्या घरात कोण राहतं, कोण पाणी विचारतं, कोण कुत्रं सोडतं, हे पोस्टमनइतकं कुणाला ठाऊक असतं? आणि असे पोस्टमन देशभर होते. काळ्या टपाल कर्मचाऱ्यांची १९१३ पासून स्वतःची संघटना होती, कारण गोऱ्यांच्या संघटनेचं दार त्यांना बंद होतं. ग्रीन यांनी या ओळखीपाळखी कामाला लावल्या. तुमच्या गावात आमच्या माणसाला खोली कोण देतं? जेवायला कोण वाढतं? केस कोण कापतं? गॅरेजवाला कोण? उत्तरं टपालाने येत गेली. ज्यू वृत्तपत्रं आपल्या वाचकांना कुठे मज्जाव आहे ते छापत, याचा उल्लेख ग्रीन यांच्या पुस्तकातच आहे. पण त्यांनी यादी उलटी केली. बंद दारं मोजत बसले नाहीत. उघडी दारं छापली.

सुरुवात न्यू यॉर्क परिसरापासून झाली. मागणी इतकी आली की पुढे यादी देशभर पसरली. कित्येक गावांत हॉटेल नव्हतंच, तिथे साधी राहती घरं असत : बाईंचं नाव, रस्ता, घराचा नंबर. आपली मागची खोली परक्या प्रवाशाला देणाऱ्या त्या बायका. एसोच्या पेट्रोल पंपांवरही पुस्तक विकत मिळू लागलं. मुखपृष्ठावर सूचना असे : हे पुस्तक जवळ ठेवा, गरज पडू शकते.

मराठी माणसाला यात परकं वाटावं असं फारसं काही नाही. ग्रीन पोस्टमन झाले त्याच १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यू यॉर्कला, हार्लेमच्या शेजारच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी. दोन मित्रांकडे विचारून झालं, नकार आला, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. बडोद्यातली उघडी दारं सांगणारी यादी कुणी छापलेली नव्हती.

(दृश्य : हार्लेम, १३५वा रस्ता.)

दुसऱ्या महायुद्धात पुस्तक बंद पडलं, नंतर पुन्हा निघालं. १९४७ मध्ये ग्रीन यांनी प्रवाशांसाठी आरक्षणाची सोयही सुरू केली. १९५२ साली टपाल खात्यातून निवृत्त झाले, तरी पत्ते तपासणं काही सुटलं नाही. आल्मा बरोबरीने काम बघत होत्या.

आपलाच धंदा बुडावा अशी इच्छा छापून ठेवणारा प्रकाशक विरळाच. १९४८च्या आवृत्तीत लिहिलंय की असा दिवस येईल जेव्हा हे पुस्तक काढावं लागणार नाही, आणि ते बंद करण्याचा तो दिवस आमच्यासाठी मोठा असेल.

१६ ऑक्टोबर १९६० रोजी व्हिक्टर ग्रीन गेले. हॉटेलात, खानावळीत वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा आला २ जुलै १९६४ला. शेवटची आवृत्ती १९६६-६७ची.

या पुस्तकाचं नाव आता ऑस्कर मिळालेल्या एका सिनेमामुळे जगभर झालंय. सिनेमात पोस्टमन नाही.

जुन्या आवृत्त्या बघायच्या असतील तर हार्लेममध्ये १३५व्या रस्त्यावर शॉम्बर्ग ग्रंथालयात जायचं. ग्रीन यांचं ऑफिस याच रस्त्यावर होतं, २०० वेस्ट. तिथून ग्रंथालयापर्यंत चालत पाच मिनिटं. पोस्टमनला त्याहून कमी.

(दृश्य : पिवळं पडलेलं पान. बोट एका पत्त्यावर थांबतं.)