यकृतातले हमाल
(लातूर येथे श्वानपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, फिट आलेल्या कुत्र्याच्या नाकाला कांदा लावायचा की चप्पल, हा आजचा विषय नाही. दोन्ही लावू नका, तोंडात हात घालू नका, संपलं. मला बोलायचंय ते त्यानंतरचं. फिटच्या एका गोळीच्या दोन होतात, दोनाच्या तीन, आणि मग त्या एकमेकींचं काय करतात?

सुरुवात बहुधा फेनोबार्बिटोननं होते. तुम्ही तिला गार्डेनल म्हणता. जुनं, स्वस्त औषध. कुत्र्यांना लागूही पडतं. भानगड होते यकृतात. आपल्या आडत बाजारात सोयाबीनची आवक वाढली की हमाल वाढवतात ना? फेनोबार्बिटोन रोज यायला लागलं की यकृतही हमाल वाढवतं, म्हणजे औषध मोडणारी एन्झाइम्स. आधी ती फेनोबार्बिटोनलाच मोडतात. म्हणून सुरुवातीला बरं वाटलेल्या कुत्र्याला त्याच डोसवर काही आठवड्यांनी परत फिट येते. मालक म्हणतो, गोळी डुप्लिकेट निघाली. गोळी चांगलीच असते हो, रक्तातलं प्रमाण उतरलेलं असतं. ते साधारण १५ ते ३५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावं. ३५ च्या वर यकृतालाच धोका. तपासल्याशिवाय डोस वाढवणं म्हणजे अंधारात काठी मारणं.

आणि हे हमाल गोणी कुणाची ते बघत नाहीत. सोबत झोनिसामाइड हे फिटचं दुसरं औषध दिलं तर तेही लवकर संपतं, म्हणून डोस जास्त लागतो. लेव्हेटिरासिटाम हे फिटचंच आणखी एक औषध कुत्र्यात बरंचसं मूत्रपिंडातून जातं, रक्तातलं निम्मं तीन-चार तासांतच उतरतं. फेनोबार्बिटोन सोबत असलं की तेही आणखी घाईनं निघून जातं. घरी फिट थांबवायला गुदद्वारातून डायझेपाम देतात, तिथेही हाच हिशेब: एरवी किलोमागे १ मिलिग्रॅम, फेनोबार्बिटोनवरच्या कुत्र्याला २. उलटंही लक्षात ठेवा. फेनोबार्बिटोन बंद केलं तरी हमाल लगेच घरी जात नाहीत. झोनिसामाइडच्या बाबतीत हा परिणाम दहा आठवड्यांपर्यंत राहतो, मग हळूहळू प्रमाण चढतं आणि कुत्रं सुस्तावतं.

पोटॅशियम ब्रोमाइड हेही फिटचंच औषध, पण त्याचा यकृताशी संबंधच नाही. ते मूत्रपिंडातून जातं आणि त्याचं भांडण मिठाशी. मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे बाहेर, कमी झालं की अंगात साठतं. आता आपल्या घरात काय असतं? शेव, पापड, खारे शेंगदाणे, खारट रस्सा चोळलेली भाकरी. लेकरं गपचूप भरवतात. दिवाळीनंतर फिट वाढल्या तर मी आधी फराळाबद्दल विचारतो. मे महिन्यात ऊन लागलं म्हणून कुणी सलाइन लावलं, तरी ब्रोमाइड धुऊन निघतं. याउलट किडनीसाठी कमी मिठाचं खाणं सुरू केलं की मागचे पाय लटपटतात, आणि लोकांना वाटतं लकवा झाला. मीठ अजिबात बंद करा असं मी म्हणत नाही. रोज सारखं ठेवा. ब्रोमाइड निम्मं व्हायलाच २४ दिवसांच्या आसपास लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर खरा अंदाज तीन महिन्यांनीच येतो. फेनोबार्बिटोन आणि ब्रोमाइड एकत्र असताना कुत्र्यानं सारख्या उलट्या केल्या, तर स्वादुपिंडाला सूज आहे का ते बघून घ्या. तेलकट मटण तर देऊच नका.

आपल्याकडे गोचिडताप फार. त्यावरचं डॉक्सिसायक्लिन फेनोबार्बिटोनमुळे लवकर मोडतं. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक उलट हमालांनाच बसवून ठेवतं. मग फेनोबार्बिटोन साठतं आणि कुत्रं गुंगीत पडतं. गोचिडासाठी चघळायची जी गोळी मिळते, फ्लुरालानर, अफॉक्सोलानर या गटातली, तिच्यामुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१८ मध्ये दिला होता. घरातल्या माणसाच्या फिटच्या गोळ्याही देऊ नका. फेनिटोइन, कार्बामाझेपिन कुत्र्याच्या अंगात टिकतच नाहीत.

(श्रोत्यांतून प्रश्न: गोळ्या संपल्या, दोन दिवस खंड पडला तर चालेल का?)

नाही चालणार, मामा. फेनोबार्बिटोन अचानक तुटलं की फिटमागून फिट येते, आणि एक फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की जिवावर बेततं. चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्यानं ही गोळी देऊ नये, म्हणून आठवड्याच्या गोळ्या उरल्या की निघायचं. उदगीरला किंवा परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवणार असाल, तर सगळी पाकिटं पिशवीत घाला, गोचिडाच्या गोळीचंही.