वाफ्यावरचं आच्छादन

एकाच बागेतले हे दोन वाफे. डावीकडची माती उघडी आहे. उन्हानं तापून तिच्यावर कडक पापुद्रा धरलाय. पाणी घातलं की निम्मं वरूनच वाहून जातं. उजवीकडे वाळक्या पानांचा थर आहे, हेच आच्छादन. हातानं बाजूला सारला, की खाली ओल लागते आणि त्या ओलीत गांडुळं.

आच्छादन कशाचं करायचं? हाताशी असेल त्याचं, पण ते वाफा बघून. पालापाचोळा आणि पेंढा लवकर कुजतात आणि मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यातला कार्बन, भरतात. भाजीच्या, मोसमी फुलांच्या वाफ्यांना तेच बरं. लाकडाच्या चिपा सावकाश कुजतात, म्हणून त्या झुडपांखाली. ताजं कापलेलं गवत जाड टाकलं, तर दबून चिकट होतं, तापतं, वास मारतं. ते वाळवूनच घ्या. बी धरलेलं गवत तर नकोच; तण रोखायला निघायचं आणि तणच पेरून बसायचं! दगडगोटे नेटके दिसतात खरे, पण मातीला खायला काही देत नाहीत.

लाकडाचा भुसा नत्र (रोपांना लागणारा नायट्रोजन) खातो, असं सांगून अनेकजण घाबरवतात. भीती अर्धीच खरी आहे. लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव नत्र ओढतात, पण भुसा वरच राहिला तर ही ओढ मातीच्या अगदी वरच्या पापुद्र्यापुरती असते. मुळं त्याच्या खाली असतात. तोच भुसा मातीत कालवला, तर मात्र रोपं पिवळी पडू शकतात.

अंथरण्याआधी तण मुळासकट काढा. लव्हाळा आणि हरळी आच्छादनाला दाद देत नाहीत. मग वाफा चांगला भिजवा, कारण माती कोरडी असेल तर वरचा शिडकावा आच्छादनच पिऊन टाकतं. थर ५ ते ८ सेंटीमीटरचा. भुशासारखा बारीक माल असेल तर त्याहून पातळ, नाहीतर मुळांना हवा मिळत नाही.

आणि हे बघा, या झाडाच्या बुंध्याशी रचलेला ढीग. दिसायला हौसेचा, पण साल सतत ओली राहून कुजते. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी हवी. पेरलेल्या ओळीही उघड्याच ठेवा. रोपं वर आली की आच्छादन हळूहळू जवळ सरकवा.

काही महिन्यांनी थर खचतो. जुना उकरू नका. किती उरलाय ते बोट घालून बघा आणि तेवढीच भर घाला.