आठ मिलिमीटरच्या जाळीत उभा केलेला दीपस्तंभ

श्रोतेहो, नमस्कार.

चौकोनी विटांनी गोल बुरूज कसा बांधायचा, हा प्रश्न गवंड्याने फार पूर्वी सोडवून ठेवलेला आहे. तो विटेचा कोपरा तासतो, सांध्यात चुना थोडा अधिक भरतो आणि गोलाई साधून घेतो. एकमेकींत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांनी प्रतिकृती करणाऱ्याला मात्र यांतले काहीच करता येत नाही, कारण वीट कापायची नाही, डिंक लावायचा नाही आणि रंगही द्यायचा नाही, असा या छंदातल्या बहुतेकांनी आपणहून पाळलेला दंडक आहे. हा दंडक पाळून मी एक दीपस्तंभ बांधायला घेतला. तयार संचातल्या सूचनांप्रमाणे जुळवलेला नव्हे, तर छायाचित्रांवरून स्वतः आखलेला. त्या कामात जे शिकलो ते आज आपल्याला सांगणार आहे आणि त्या अनुषंगाने लहान प्रमाणातल्या इतर प्रतिकृतींविषयीही थोडे बोलणार आहे.

सुरुवात विटेपासूनच करू. तिच्या माथ्यावर ज्या गोल खुंट्या असतात त्यांना स्टड म्हणतात. शेजारच्या दोन स्टडांच्या केंद्रांमधले अंतर ८ मिलिमीटर असते. स्टड सोडून विटेची उंची ९.६ मिलिमीटर, आणि प्लेट नावाचा जो चपटा तुकडा असतो त्याची उंची विटेच्या बरोबर एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. हे आकडे कोरडे वाटतील, पण सगळी कला यांच्यातच दडलेली आहे. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर उंची होते आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटरच असते. त्यामुळे बांधकामाचा एखादा भाग आडवा करून, स्टड वर न ठेवता बाजूला वळवून, भिंतीत तंतोतंत बसवता येतो. ज्याला हे नाते उमगले त्याची वीट केवळ खालून वर चढत नाही, ती सहाही दिशांना वाढू लागते. खिडकीची बारीक चौकट, दाराची आडवी फळी, जोत्याचा पुढे आलेला कंगोरा, असे सगळे तपशील या आडव्या बांधणीतूनच निघतात.

या विटेला एवढी अचूकता काही पहिल्या दिवशी लाभलेली नव्हती. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांना जोडून त्याने आपल्या कंपनीला ‘लेगो’ हे नाव दिले. हिलरी पेज या ब्रिटिश खेळणीकाराच्या विटांवरून या कंपनीने १९४९ मध्ये प्लॅस्टिकच्या विटा काढल्या, परंतु त्या खालून पोकळ होत्या आणि जरा धक्का लागला की सुटत. ओले यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी विटेच्या पोटात नळ्या बसवण्याची युक्ती २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली. खालच्या विटेचा स्टड वरच्या विटेची नळी आणि भिंत यांच्यामध्ये चिमटीत धरावा तसा पकडला जातो. म्हणून जोड घट्टही बसतो आणि मुलाच्या हाताने सुटतोही. पुढे १९६३ पासून ए.बी.एस. हे वेळेनुसार आकार न बदलणारे प्लॅस्टिक वापरात आले. त्या १९५८ च्या रचनेची वीट आजच्या विटेत बसते. माझ्या मते यंत्रयुगातल्या फार थोड्या वस्तूंनी आपला शब्द इतकी वर्षे पाळला आहे.

आठ स्टडांच्या, म्हणजे दोन बाय चारच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारांनी जोडता येतात. सहा विटांचे किती प्रकार होतील याचे उत्तर कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने काढले. ते आहे ९१,५१,०३,७६५. त्याआधी सांगितला जाणारा आकडा दहा कोटींहून थोडाच अधिक होता, कारण त्यात फक्त सहा थरांचे मनोरेच धरलेले होते. नवशिक्या माणसाला हा आकडा आनंद देतो आणि लगेच गोंधळातही टाकतो. समोर विटांचा ढीग असतो, काहीही करता येण्याजोगे असते आणि म्हणूनच हात पुढे जात नाही. त्या हाताला वाट दाखवते ते प्रमाण.

प्रमाण म्हणजे मूळ वस्तूच्या किती पटींनी लहान करायचे तो निर्णय. विटांच्या दुनियेत अनेकजण तो १९७८ पासून मिळणाऱ्या छोट्या माणसांवर सोपवतात. ही बाहुली साधारण ४ सेंटिमीटर उंचीची असते, म्हणून पुरुषभर उंचीशी तुलना करता तिचे प्रमाण १:४२ च्या आसपास येते. परंतु तिचे नुसते पाय १६ मिलिमीटर रुंद आहेत, हातांसकट तर ती आणखी फोफावते, आणि त्याच प्रमाणात मोजले तर असा माणूस खांद्यांपाशी मीटरभर रुंद ठरेल. त्याच्यासाठी दार केले की ते गोदामाचे दिसते. दार खऱ्यासारखे केले की बाहुली आत शिरत नाही. इमारत करायची की बाहुल्यांचे घर करायचे, हे आधीच ठरवावे लागते. मी बाहुली बाजूला ठेवली आणि १:१०० हे प्रमाण घेतले. तीस मीटरांचा दीपस्तंभ ३० सेंटिमीटरांचा झाला. एक स्टड म्हणजे ८० सेंटिमीटर, म्हणजे दाराची रुंदी आपसूक मिळाली. आणि दोन विटांची उंची १९.२ मिलिमीटर, म्हणजे दाराची उंचीही मिळाली. जाळी आणि मूळ वस्तू यांचे असे सूत जुळले की मन किती हलके होते, ते करून पाहिल्यावरच कळते.

आता गोलाईचा प्रश्न. पायथ्याशी ८ सेंटिमीटर आणि माथ्याशी ५ सेंटिमीटर व्यासाचा हा स्तंभ वर निमुळता होत जातो. पहिल्या खेपेस मी तो पायऱ्यापायऱ्यांनी आत घेतला. खाली मोठे वर्तुळ, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान. दिसायला ती उतरंड झाली, दीपस्तंभ नव्हे. मग सगळे सोडवले आणि गोल हा शब्दच डोक्यातून काढून टाकला. अष्टकोन घेतला. मधोमध चौकोनी गाभा उभारला आणि त्याच्याभोवती प्लेटच्या आठ पट्ट्या केल्या, ज्या पायथ्याशी चार स्टड रुंद आणि तिरप्या कापाच्या तुकड्यांमुळे वर अरुंद होत जाणाऱ्या होत्या. प्रत्येक पट्टी तळाशी बिजागरीच्या तुकड्याने जोडली आणि माथ्याशी गाभ्यावर टेकवली. अशी टेकलेली पट्टी स्टडांच्या जाळीत कुठेच बसत नाही, ती जाळीच्या बाहेर मोकळी झुकलेली असते, आणि म्हणूनच तिची तिरपी रेषा अखंड दिसते. दोन पट्ट्यांमध्ये केसभर फट राहते. गाभा काळ्या विटांचा होता तेव्हा ती फट भेगेसारखी दिसत होती. गाभा पांढरा केल्यावर ती नजरेला लागेनाशी झाली. जे कोणालाच दिसणार नाही त्याच्या रंगाचा विचार करावा लागतो, हे मला त्या दिवशी नव्याने समजले.

खालच्या तटबंदीची एक भिंत तिरपी होती. इथे शाळेतला पायथागोरस धावून येतो. तीन, चार आणि पाच या बाजूंचा त्रिकोण काटकोनी असतो, तेव्हा तीन स्टड आडवे आणि चार स्टड उभे गेल्यावर पाच स्टडांची तिरपी भिंत दोन्ही टोकांना नेमकी स्टडावर बसते. मात्र मोजायची ती स्टडांमधली अंतरे, स्टड नव्हेत. पाच अंतरांसाठी सहा स्टडांची पट्टी लागते. या चुकीपायी मी एक संध्याकाळ घालवली आहे, म्हणून आग्रहाने सांगतो.

हे सगळे आधी संगणकावर रचून पाहता येते. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये ‘एल-ड्रॉ’ ही प्रणाली लिहिली. तिचे एकक ०.४ मिलिमीटरचे आहे, त्यामुळे विटेची रुंदी २०, उंची २४ आणि प्लेटची उंची ८ अशा पूर्णांकांत येते. जेसिमन १९९७ मध्ये गेले, पण त्यांनी आखलेली फाइलची पद्धत इतर छंदिष्टांनी पुढे चालवली आणि आजही ती वापरात आहे. तरीही संगणकावरची वीट जड नसते, ती वाकत नाही आणि निसटत नाही. पडद्यावर उभा राहिलेला स्तंभ टेबलावर उभा राहीलच असे नाही. म्हणून अवघड जोड आधी हातात धरून पाहावा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तुकडे रंगाप्रमाणे नव्हे, तर आकाराप्रमाणे वेगळे ठेवावेत. मिश्र रंगांच्या ढिगातून लाल तुकडा डोळा क्षणात टिपतो, पण नुसत्या पांढऱ्या तुकड्यांच्या ढिगातून हवी ती बिजागरी शोधताना तोच डोळा थकून जातो. आणि पांढरे काम थेट उन्हात ठेवू नये, ते पिवळे पडते.

विटांच्या शेजारीच दुसरे एक मोठे क्षेत्र आहे, ते प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमाने, रणगाडे, जहाजे घडवणाऱ्यांचे. तिथला दंडक नेमका उलटा. कापणे, तासणे, चिकटवणे आणि रंगवणे हेच तिथले काम. तिथला डिंक खरे तर डिंक नसतोच, तो पॉलिस्टायरीन, म्हणजे हे भाग ज्याचे असतात ते प्लॅस्टिक, किंचित विरघळवतो आणि दोन कडा एकजीव होतात. विमानांसाठी तिथे १:७२ हे प्रमाण रूढ आहे, कारण त्यात एक इंच म्हणजे सहा फूट असा सोपा हिशेब होतो. दुसऱ्या महायुद्धात आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना ओळखता यावे म्हणून याच प्रमाणातल्या प्रतिकृती वापरल्या गेल्या आणि अमेरिकेत त्या शाळकरी मुलांकडून करवून घेतल्या गेल्या. रणगाड्यांचे १:३५ हे प्रमाण मात्र जपानच्या तामिया कंपनीच्या एका रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढ्यासाठी ठरले आणि मग सगळ्या जगाने ते स्वीकारले.

लहान करताना सगळे सारखे लहान होत नाही. १:७२ मध्ये लांबी ७२ पटींनी, पृष्ठभाग ५,१८४ पटींनी आणि आकारमान ३,७३,२४८ पटींनी घटते. पाणी तर मुळीच ऐकत नाही. त्याचा थेंब आपल्याच आकाराचा राहतो, म्हणून छोट्या जहाजाभोवतीचा समुद्र खऱ्या पाण्याचा केला तर तो लगेच बशीतले पाणी वाटतो. तिथे पारदर्शक रेझिनचे पातळ थर ओतावे लागतात. रंगाचेही तसेच आहे. खरे विमान आपण दुरून, मधल्या हवेतून पाहतो आणि त्याचा रंग फिका झालेला असतो, म्हणून अनुभवी कारागीर मूळ छटेत थोडा पांढरा मिसळतो. माणसाचा केस ०.०७ मिलिमीटर धरला तर १:७२ मध्ये तो ५ मिलिमीटर जाडीची तार होतो. अशी तार करण्यासाठी सुटे भाग ज्या चौकटीला लटकलेले येतात तिचाच एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत मऊ करतात आणि बाहेर काढून दोन्ही हातांनी संथपणे ओढतात. मधे कोळ्याच्या धाग्यासारखा तंतू तयार होतो. मला या सगळ्या उद्योगातली ही सर्वांत सुंदर क्रिया वाटते.

याच विचाराने मी माझ्या दीपस्तंभाकडे परतलो. तो पूर्ण झाला होता, दिवा ठेवण्याची काचेची खोली बसली होती, तिच्याभोवतीच्या सज्जाला कठडाही केला होता, तरी तो का कोण जाणे ठेंगणा दिसत होता. मोजमाप तपासले, ते चोख होते. शेवटी मोबाइलचा कॅमेरा टेबलावर टेकवून, दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून छायाचित्र घेतले. वरून पाहताना जे लपले होते ते तिथे उघडे पडले. कठड्यासाठी वापरलेली काठी विटांच्या दुनियेतली बारीक काठी, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटरची, पण १:१०० मध्ये ती ३२ सेंटिमीटर जाडीचा ओंडका होत होती. खऱ्या कठड्याची सळई तीन सेंटिमीटरांची असेल, तर माझ्या प्रमाणात ती ०.३ मिलिमीटरची हवी, आणि तेवढा बारीक तुकडा विटांमध्ये मिळत नाही. एवढ्या जाड सळया पाहून डोळा बाकीच्या स्तंभाची उंचीही त्याच हिशेबाने मोजत होता.

मी कठडा काढून टाकला. सज्जाच्या कडेला फक्त एक गुळगुळीत प्लेट ठेवली आणि कॅमेरा पुन्हा त्याच जागी टेकवला. या वेळी छायाचित्रात स्तंभ तीस मीटरांचा दिसला.