रेडिएशनआधी वाताचा आजार सांगा

नमस्कार, श्रोतेहो.

स्तनातली कॅन्सरची गाठ लहान असतानाच सापडली, तर सर्जन पुष्कळदा सुचवतात, ‘फक्त गाठ काढू, स्तन राखू, मग रेडिएशन देऊ.’ बहुतेकींसाठी हा मार्ग उत्तम. पण त्या बाईला स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी ताठ करणारा वाताचा आजार, किंवा ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो वाताचा आजार, असेल, तर ऑपरेशनच्या आधीच थांबून विचार करावा लागतो. पूर्ण स्तन काढल्यावर काही जणींचं रेडिएशन टळू शकतं. नुसती गाठ काढली, तर ते बहुधा घ्यावंच लागतं.

अडचण अशी, की कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘वाताच्या’ गोळ्यांचा विषय निघतच नाही. थंड पाण्यात हात घातला की बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात. बोटांची कातडी इतकी ताठ झालेली असते, की चिमटीत धरता येत नाही. असं काही होत असेल, तर मावशी, ताई, ते कॅन्सरच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

स्क्लेरोडर्मात कातडीखाली कोलॅजन हे तंतूंसारखं प्रथिन नको तितकं साठतं आणि बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. रेडिएशनचे उशिरा दिसणारे दुष्परिणामही याच वाटेनं जातात, म्हणून धोका वाढतो. लाली, साल निघणं, स्तनाखालच्या घडीत कातडी ओली होणं, हे कोणालाही होऊ शकतं आणि बहुधा काही आठवड्यांत भरून येतं. मला खरी काळजी वाटते ती नंतरची. महिन्यांनी, वर्षांनी तिथली कातडी कडक होते, आत ओढली जाते, क्वचित न भरणारी जखम होते.

आमवाताच्या रुग्णांनी मात्र घाबरून रेडिएशन नाकारू नये. त्यांच्यात असा ठळक वाढीव धोका सहसा आढळलेला नाही. स्क्लेरोडर्मा असला तरी दार कायमचं बंद नसतं. आजार सध्या किती जोरात आहे, फुप्फुसं कशी आहेत, रेडिएशनवाचून कॅन्सर परतण्याची भीती किती, हे कॅन्सरचे आणि संधिवाताचे डॉक्टर मिळून ठरवतात. त्यांचं आपसात बोलणं व्हावं, असा आग्रह धरा.

आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट ही वाताची गोळी कधी थांबवायची, तेही त्यांनाच विचारा. स्टेरॉईडची गोळी आपल्या मनानं एकदम बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

रेडिएशन चालू असताना त्या जागी हळदीचा लेप, बर्फ, गरम पाण्याची पिशवी काही नको. कोमट पाणी, सैल सुती कपडा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम पुरे. उपचार संपल्यावर काही वर्षांनी जरी ती जागा घट्ट वाटू लागली, तरी रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना वाताची फाईलही सोबत न्या.