मुंबई हाय: तेल इथेच का साठलं?

मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुंबईहून पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर आहे. अरबी समुद्र इथे जेमतेम ७५ मीटर खोल आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने इथे पहिली विहीर खोदली, आणि तिलाच तेल लागलं. एवढ्या मोठ्या समुद्रात नेमकं इथेच का?

त्यासाठी सहा-साडेसहा कोटी वर्षं मागे जावं लागेल. ज्या लाव्ह्यातून सह्याद्री घडला, तोच लाव्हा या समुद्रतळाखालीही पसरला. पुढे सेशेल्सचा (आज हिंदी महासागरातली बेटं) भूभाग भारतापासून तुटला. जमीन ताणली गेली, फाटली. काही पट्टे खचले, काही उंच राहिले. मुंबई हाय हा त्या उंच राहिलेल्यांपैकी एक.

सुरत, मुरुड, राजापूर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या खोलगट भागांत गाळ साचत गेला. त्यात गाडले गेलेले वनस्पतींचे आणि सूक्ष्मजीवांचे अवशेष हवेअभावी पुरते कुजले नाहीत. वर थर चढत गेले, त्या गाळाचा काळा शेल खडक झाला, उष्णता वाढली आणि त्यातून तेल आणि वायू सुटू लागले.

उंचवट्यावर मात्र वेगळंच घडत होतं, आणि या साऱ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग हाच आहे. नद्यांचा चिखल तिथवर फारसा पोचत नव्हता. उबदार, उथळ, नितळ पाण्यात चुन्याची कवचं असलेले जीव पिढ्यान्‌पिढ्या वाढले, आणि त्यांच्या अवशेषांचा चुनखडक झाला. मायोसीन काळात (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वी) समुद्राची पातळी वर-खाली होत राहिली. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या चुनखडकात पाऊस मुरायचा, दगड विरघळायचा, बारीक पोकळ्या तयार व्हायच्या. नंतर त्यावर चिखल बसला आणि त्याचा घट्ट, अभेद्य थर झाला. खोलगटांतून वर सरकणारं तेल त्याच्याखाली अडलं. झाकण पडायला उशीर झाला असता, तर ते केव्हाच समुद्रात निसटून गेलं असतं.

थोडं आग्नेयेला, वसई क्षेत्रात, याहून जुन्या, इओसीन काळातल्या (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात प्रामुख्याने वायू मिळाला. दक्षिणेला कोकण-केरळ खोऱ्याचा किनाराही भूभागांच्या अशाच ताटातुटीतून घडला, पण तिथे व्यापारी उत्पादनाजोगं क्षेत्र अजून हाती लागलेलं नाही. उंचवटा, गाळ आणि झाकण नुसतं असून भागत नाही. ते योग्य क्रमाने यावं लागतं.

मुंबई हायमधून २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. पुढे चुनखडकाच्याही खाली, पायाच्या प्राचीन खडकांमधल्या भेगांतही तेल सापडलं.