शेतकरी, सैनिक, कुटुंबवत्सल : टेक्सासमधल्या चेक माणसाची तीन विशेषणे

मंडळी, टेक्सासमध्ये फेयेट काउंटी नावाचा जिल्हा आहे. तिथल्या गावांची साप्ताहिके चाळली तर एका जातीचा मृत्युलेख पुन्हा पुन्हा दिसतो. आडनाव चेक. जन्म आईबापांच्या शेतावर. दुसऱ्या महायुद्धात अमुक तुकडीत. परत आल्यावर लग्न, मग पन्नास-साठ वर्षे शेती आणि गुरे. चर्चच्या जत्रेत रश्श्याच्या कढईपाशी हक्काची जागा, रविवारी दुपारी टारोकी, म्हणजे पत्त्यांचा एक जुना डाव. मागे पत्नी, मुले, नातवंडे, पणतवंडे. शवपेटीला खांदा नातवांचा. आणि सगळ्याचा अर्क तीन शब्दांत : शेतकरी, माजी सैनिक, कुटुंबवत्सल.

आज एका कुणा गृहस्थाचे चरित्र मी सांगणार नाही. ही तीन विशेषणे एका माणसावर एकत्र कशी आली, ते बघायचे आहे. कारण या माणसाचे पणजोबा सैन्याच्या नावाने पळत होते, आणि घरावरचे प्रेम ही त्यांना चैन नव्हती, शेतीचे भांडवलच ते होते.

सुरुवात मोराविया आणि बोहेमियापासून, म्हणजे चेक लोकांच्या मायभूमीपासून करू. दोन्ही तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात. 1848 साली तिथली वेठ संपली. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे कायद्याने बंद झाले, पण कायद्याने जमीन काही वाढत नाही. ज्यांच्याकडे झोपडी आणि तुकडाभर रान होते, ते तिथेच राहिले. वर सैन्याची भरती. ज्याचा नंबर लागे त्याची आठ वर्षे गेली म्हणून समजा. 1868 नंतर तर सक्तीची लष्करी सेवा सगळ्यांनाच लागू झाली.

अशात 1850 साली आर्नोश्त बेर्गमान नावाचा एक पाद्री टेक्सासमधल्या कॅट स्प्रिंगला पोचला आणि त्याने घरी पत्रे धाडली. जमीन स्वस्त, माणूस मोकळा, या भाषेत. पत्रे छापली गेली, हातोहात फिरली. योसेफ लेशिकार नावाच्या माणसाने ती वाचून पहिली टोळी जमवली. टोळी 1851 मध्ये निघाली, पण लेशिकार काही निघाला नाही. बायको तयार नव्हती! टोळी गेली योसेफ शिलारबरोबर. लिव्हरपूलहून कोंदट जहाज, मग न्यू ऑर्लिन्स, मग गॅल्व्हस्टन. निम्म्याच्या आसपास लोक या प्रवासाने आणि त्यातल्या आजारांनी खाल्ले. लेशिकार दुसऱ्या टोळीबरोबर 1853 मध्ये सहकुटुंब गेला आणि नीट पोचला. इतिहासात बायकोचे ऐकून जीव वाचल्याची नोंद सहसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता जमीन. तुमच्यापैकी वऱ्हाड-खानदेशातल्या मंडळींना हे लगेच कळेल. टेक्सासच्या मध्यभागातून काळ्या जमिनीचा एक पट्टा जातो, आणि फेयेटची माळराने त्याचाच एक तुकडा धरतात. मातीशास्त्रात ही जमीन आणि आपली काळी कपाशीची जमीन एकाच वर्गात येतात, व्हर्टिसोल. पावसात फुगते, चिकटते, बैलाचा पाय सोडत नाही. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरांचे पाये हलतात, भिंती तडकतात. या मातीच्या एका प्रकाराला, ह्यूस्टन ब्लॅकला, मातीशास्त्रज्ञ टेक्सासची ‘राज्याची माती’ मानतात. आपल्याकडे राज्यपक्षी आहे, राज्यफूल आहे. रेगूरचे कुणाला सुचलेले नाही.

अशा जमिनीत कापूस आला नाही तरच नवल. पण दक्षिणेतला कापूस गुलामांच्या जिवावर उभा होता, आणि चेकांमध्ये गुलाम ठेवणारा अपवादानेच. वेचणीला माणसे आणायची कुठून? घरातून. सात, आठ, दहा मुले आणि त्यांचे आईबाप. पहाटे दव असताना शेतात. गळ्यात जाड कापडाची लांबलचक पिशवी, ती सरीतून मागे ओढत न्यायची. बोंडाची सुकलेली टोके सुईसारखी, वेचणाऱ्याच्या नखांभोवतीची कातडी फाटलेली. लहानग्याला पिशवीवरच बसवून ओढत नेणारी आई. पऱ्हाटीत वाढलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. कित्येक गावांत शाळेचे वेळापत्रकच वेचणीच्या हंगामाने ठरे.

म्हणून ‘कुटुंबवत्सल’ या शब्दापाशी मी अडखळतो. प्रेम नव्हते असे नाही, पण ते पगार न घेणाऱ्या मजुरांच्या टोळीत वाढलेले प्रेम होते. त्या टोळीचे एकच ध्येय, जमीन विकत घेणे. कुळ म्हणून राहायचे नाही. 1930 साली टेक्सासमधली निम्म्याहून अधिक शेते कुळे कसत होती. त्या राज्यात चेक शेतकऱ्याची ख्याती होती ती स्वतःच्या जमिनीबद्दल, आणि थोरल्याची झाली की धाकट्यासाठी बघायच्या त्याच्या हव्यासाबद्दल.

आता सैनिक. 1861 मध्ये अमेरिकेचे यादवी युद्ध पेटले आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेने, म्हणजे टेक्सासच्याच बाजूने, सक्तीची भरती काढली. ज्यांनी ऑस्ट्रियाच्या भरतीला कंटाळून समुद्र ओलांडला, त्यांच्या दारात पुन्हा भरतीवाला! कुणी रानात लपले. पुष्कळांनी बैलगाड्या जोडल्या. उत्तरेच्या आरमाराने बंदरे अडवलेली, म्हणून कापूस खुश्कीने मेक्सिकोच्या सीमेवर, मातामोरोसला न्यायचा. हे काम करणाऱ्याला लढाईतून सूट मिळे. त्याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते आठवा. अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरचा धुमाकूळ सुरू झाला. मातामोरोसच्या वाटेवरचा चेक गाडीवान आणि खामगावच्या बाजारातला आपला कास्तकार, दोघे एकाच गिऱ्हाइकासाठी राबत होते, लँकेशायरच्या गिरण्यांसाठी.

सगळेच चेक पळाले असे मात्र नाही. ऑगस्ट हायदुशेक दक्षिणेच्या सैन्यात गेला. पुढे तो वकील झाला, फेयेटमधल्या ला ग्रेंज गावाचा महापौर झाला, विधिमंडळात निवडून गेला आणि स्वोबोदा नावाचे चेक वर्तमानपत्र चालवू लागला. याच माणसाने शाळांतून इंग्रजी शिकवलीच पाहिजे असा आग्रह धरला, आणि आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

पहिल्या महायुद्धात भलताच पेच. ऑस्ट्रिया-हंगेरीशी अमेरिकेचे युद्ध डिसेंबर 1917 मध्ये जाहीर झाले, आणि ज्यांची नागरिकत्वाची कागदपत्रे अपुरी होती ते एका रात्रीत शत्रूचे प्रजाजन ठरले. दुसरीकडे चेकांचे नेते मासारिक अमेरिकाभर हिंडत ऑस्ट्रियातून सुटलेल्या नव्या राष्ट्रासाठी पाठिंबा गोळा करत होते. तेव्हा अमेरिकेचा गणवेश घालणे म्हणजे जुन्या मालकाविरुद्ध लढणे, आणि शेजाऱ्यापुढे आपण परके नाही हे सिद्ध करणे. माझ्या मते सैन्याची भीती जाऊन त्याचा अभिमान आला तो इथे.

त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली. फेयेट काउंटीतच प्राहा नावाचे खेडे आहे. युरोपातल्या प्रागचे तिथल्या भाषेतले नाव तेच. एकेकाळी बरे नांदते गाव होते. 1870 च्या दशकात रेल्वे शेजारच्या फ्लॅटोनियाहून गेली आणि बाजार तिकडे सरकला. मागे राहिले 1895 चे चर्च. बाहेरून साधा दगड, आत शिरल्यावर हिरव्या-निळ्या छतावर रंगवलेल्या वेली. तिथल्या रंगवलेल्या चर्चांपैकी हे एक.

या एवढ्याशा वस्तीने फेब्रुवारी 1944 ते फेब्रुवारी 1945 या काळात नऊ मुलगे गमावले. कुणी युरोपात, कुणी पॅसिफिकच्या बाजूला. कारखान्याच्या शहरात नऊ हा आकडा बुडून जातो. इथे ज्याच्या घरी कुणी गेले नाही तोही दफनाला होताच, आणि मेलेल्यांपैकी निम्मे त्याच्या नात्यातले. शेतकऱ्यांना सूट नव्हती असे नाही. भरतीच्या कायद्यातल्या 1942 च्या टायडिंग्ज दुरुस्तीने शेतीला आवश्यक माणसांची भरती पुढे ढकलता येई. त्याचा हिशेबही होता : एक दुभती गाय म्हणजे एक एकक, आणि माणसामागे सोळा एककांचे उद्दिष्ट. निर्णय स्थानिक भरती मंडळाचा. म्हणजे ज्या घराने मोठ्या कुटुंबावर शेत उभे केले, त्याच घरात एखादा हात ‘जादा’ ठरण्याची शक्यता जास्त! ज्या गोष्टीने जमीन मिळवून दिली, तिनेच मुलगा युद्धावर पाठवला. दर नोव्हेंबरात त्या दफनभूमीत आजही या नऊ जणांसाठी लोक जमतात.

जे परतले, त्यांच्यातल्या काहींच्या पदरी एक वेगळा अनुभव होता. 6 मे 1945 रोजी अमेरिकन फौजांनी बोहेमियातले प्ल्झेन शहर मुक्त केले. खेड्यातल्या घरात आजीकडून शिकलेली जुन्या वळणाची मोरावियन बोली बोलणारा अमेरिकन शिपाई समोर उभा राहिला की तिथल्या लोकांची बोटे तोंडात जात. पुढे 1948 नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीने ही आठवण दडपली. 1990 पासून प्ल्झेनमध्ये दर मे महिन्यात तिचा उत्सव होतो.

घरी आल्यावर सरकारने माजी सैनिकांसाठीच्या 1944 च्या कायद्याखाली त्यांना कर्जाची हमी दिली, शिक्षण दिले. शेतावर राहूनच शेतीचे वर्ग करायचे आणि महिन्याला भत्ता घ्यायचा, अशीही सोय होती. बापाने मुलांच्या बळावर जे केले ते मुलगा ट्रॅक्टरच्या बळावर करायला निघाला. पण कापूस वेचणारी यंत्रे आली तसा टेक्सासचा कापूस पश्चिमेच्या सपाट पठाराकडे सरकला. फेयेटमध्ये गवत आणि गुरे आली. तेव्हा मृत्युलेखातला ‘शेतकरी’ पुष्कळदा दिवसा कुठेतरी नोकरी करून संध्याकाळी वासरांना वैरण टाकणारा असतो. या तडजोडीने शेत विकावे लागले नाही, हेही खरे.

दफनभूमीतल्या दगडांवर हा सगळा प्रवास दिसतो. जुन्या दगडांवर चेक मजकूर, ‘झ्दे ओद्पोचीवा’, म्हणजे इथे विसावला आहे. काहींवर चिनी मातीत भाजलेले अंडाकृती छायाचित्र, कडक गळपट्टीतला मिशीवाला. पुढच्या पिढीच्या दगडावर इंग्रजी, आणि पायथ्याशी सरकारी पाटी : नाव, हुद्दा, दुसरे महायुद्ध.

बायकोचे नाव बहुधा त्याच दगडावर शेजारी असते, आणि तिच्याबद्दल मी तासभर जवळजवळ गप्प राहिलो. वेचणीत ती होती, दुधाचा आणि अंड्यांचा पैसा तिच्या हातात होता, युद्धात मुलगे गेल्यावर शेत तिनेही ओढले. टेक्सासच्या चेक कॅथलिक पुरुषांनी 1889 मध्ये स्वतःचा विमा संघ काढला. बायकांनी 1894 मध्ये आपला वेगळा काढला, कारण बाई गेली तरी घर बसतेच, आणि त्या हिशेबाची तरतूद कुणीतरी करायला हवी होती. त्या संघाचे काम आजही चालू आहे. त्याच्याबद्दल उद्या, याच वेळी.